प्रश्न तुमचे : ल्वार नदीच्या काठाने, सायकलवर

(फ्रान्समधल्या तूर शहरात बरीच वर्षं राहणाऱ्या आमच्या लेखिका या वेळी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

प्रश्न : मी 59 वर्षांची, हे 63 वर्षांचे. दोघं रोज सकाळी कृष्णाकाठी दहा-बारा किलोमीटर सायकल चालवतो. पुढच्या जूनमध्ये ल्वारकाठी सायकलने फिरायचं मनात आहे. एका सहल कंपनीने ऑर्लेआँ ते नांत असा सहा दिवसांचा कार्यक्रम दिलाय, रोज 65 किलोमीटर. झेपेल का आम्हाला? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, झेपेलही कदाचित. पण असा प्रवास तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं. रोज 65 किलोमीटर म्हणजे सकाळी निघायचं, मान खाली घालून पायडल मारायचं आणि संध्याकाळी थकून झोपायचं. नदी बाजूने वाहत असते, ती बघायची राहून जाते.

ल्वार ही फ्रान्समधली सगळ्यात लांब नदी, हजार किलोमीटरहून थोडी जास्त. तिच्या काठाने नव्हेरजवळच्या क्यूफी गावापासून अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. जागोजागी पाट्या आहेत, वाट चुकायची भीती नाही. सगळा मार्ग पुरा करायचा हट्ट कशाला? सोमूर ते ब्लुआ एवढा तुकडा घ्या. वळणं धरून दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर भरतील. सहाऐवजी नऊ-दहा दिवस काढा. रोज वीस ते तीस किलोमीटर, एखाद्याच दिवशी चाळीस, आणि मध्ये दोन ठिकाणी दोन-दोन रात्री मुक्काम.

आणि कंपनीच्या कार्यक्रमाच्या उलट दिशेने जा : सोमूरहून ब्लुआकडे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध. चढ लागेल असं वाटेल, पण या सगळ्या टप्प्यात नदीची पातळी साधारण चाळीस मीटरनेच वाढते, पायांना ते कळतही नाही. कळतो तो वारा. इथे वारा बहुतेक पश्चिमेचा, समुद्राकडून येणारा. रेल्वे येण्याआधी ल्वारवरचे नावाडी याच वाऱ्यावर शिडं उभारून मालाच्या सपाट तळाच्या होड्या प्रवाहाविरुद्ध वर नेत. त्यांनी शतकानुशतकं वापरलेला वारा तुम्हीही पाठीशी घ्या. बरेच प्रवासी नकाशावर उतार बघून समुद्राकडे निघतात आणि दुपारभर तोंडावर वारा झेलतात.

पॅरिसहून रेल्वेने सोमूरला या. शहर पांढरट, जवळजवळ साईच्या रंगाच्या दगडाचं आहे. त्या मऊ चुनखडीला इथे त्युफो म्हणतात. ल्वारकाठचे राजवाडे याच दगडाचे. टेकड्या पोखरून दगड काढला, होड्यांतून नेला, आणि मागे उरल्या त्या गुहा. त्यांत माणसं राहायला गेली, वाइन ठेवू लागली, अळंबी पिकवू लागली. सोमूर ते माँसोरो ही वाट मधूनच टेकडीवर द्राक्षमळ्यांत चढते आणि कोरलेल्या घरांच्या गल्ल्यांतून जाते. हा चढ खरा आहे, तिथे खुशाल उतरून सायकल ढकला. बाहेर जूनचं ऊन आणि गुहेच्या तोंडाशी अंगावर येणारा गारवा, हे मला आजही फार आवडतं.

माँसोरोला लागूनच काँद-सँ-मार्तँ आहे. तिथे व्हिएन नदी ल्वारला मिळते. चर्चच्या मागून वर चढून गेलात की संगम पुरा दिसतो. त्या गावात घाई करू नका. मग व्हिएनच्या काठाने शिनाँ, पुढे अँद्र नदीवरचं आझे-ल-रिदो, व्हिलाँद्रीच्या बागा, शेर नदीच्या कडेने तूर, तिथून आंब्वाज आणि शेवटी ब्लुआ. म्हणजे एका ल्वारच्या नावावर तुम्ही चार नद्यांची खोरी बघाल. ब्लुआहून पॅरिसच्या ऑस्तेरलित्झ स्टेशनला थेट गाडी आहे.

राजवाड्यांबद्दल एक सुचवते. रोज एक बघायला गेलात तर चौथ्या दिवशी सगळे सारखे दिसतील. तीन पुरे. व्हिलाँद्री हवंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोआकिम कार्व्हालो या स्पॅनिश डॉक्टरने अमेरिकन पत्नीसह तो वाडा घेतला आणि जुन्या धर्तीच्या बागा पुन्हा उभ्या केल्या. कोबी, बीट, गाजर, भोपळा यांचे वाफे रंग जुळवून असे लावतात की वरच्या गच्चीवरून गालिचा अंथरल्यासारखा दिसतो. भाजीपाल्याला एवढा मान दिलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. दुसरं, आंब्वाजमधलं क्लो-ल्युसे, जिथे लिओनार्दो दा विंची राजा पहिला फ्रान्स्वा याच्या बोलावण्यावरून येऊन राहिला आणि 2 मे 1519 रोजी वारला. तिसरं शाँबोर, ब्लुआहून सायकलवर जाऊन येण्यासारखं. त्याचं काम लिओनार्दो गेला त्याच वर्षी सुरू झालं. मधल्या दुहेरी गोल जिन्यावर तुम्ही एका बाजूने चढा, यजमान दुसऱ्या बाजूने. झरोक्यांतून एकमेकांना दिसाल, पण वाटेत भेट होणार नाही.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. खेड्यापाड्यांतून फिरताना उपासमार होईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : उपासमार होणार नाही, पण वेळा सांभाळाव्या लागतील. खेड्यातलं उपाहारगृह दुपारी बारा ते दोन जेवण देतं. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर दुकानं मिटतात, सोमवारी पुष्कळ ठिकाणी बेकरीसुद्धा बंद असते. म्हणून शनिवारीच पाव, फळं, टोमॅटो, काकडी पिशवीत भरून ठेवा. घरची चटणी आणि मेतकूट बरोबर असेल तर ताज्या पावावर दुपार छान निघते.

सोमूरच्या आसपास गुहांतल्या खानावळींत फुए मिळतात. लाकडाच्या भट्टीत फुगलेले, हाताएवढे गरम पाव. फोडायचे, आत लोणी, पांढऱ्या घेवड्याची उसळ, अळंबी, बकरीच्या दुधाचं चीज भरायचं. याच पावांबरोबर डुकराच्या मांसाची रियेत नावाची वाटीही ठेवतात, म्हणून बसतानाच ‘सां व्हियांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढं सांगा. अंड्यांचंही आवर्जून सांगा, कारण शाकाहारी म्हटलं की इथे ऑम्लेट पुढे येतं.

चीजबद्दल कडक पथ्य पाळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं : इथलं बहुतेक पारंपरिक चीज प्राण्याच्या जठरातलं रेनेट वापरून करतात. या भागाचं सँत-मोर, मधोमध राय नावाच्या धान्याची काडी घातलेलं, चवीला उत्तम आहे, पण चालतं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. न चालणाऱ्यांसाठी रिव्हारेनचे चपटे सुकवलेले पेअर आहेत, त्युर्काँची तशीच सफरचंदं आहेत. हळूहळू सुकवून, दाबून टिकवायची जुनी रीत. सायकलच्या पिशवीत आठवडाभर राहतात.

पाण्यासाठी युक्ती : गावाबाहेरच्या कबरस्तानात फुलझाडांसाठी नळ असतो. सायकलवाले तिथे बाटल्या भरतात, कुणी हटकत नाही. ‘ओ नाँ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर मात्र ते पाणी पिऊ नका.

प्रश्न : सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : भाड्याने. एका गावी घेऊन दुसऱ्या गावी परत करता येते, बॅटरीची सायकलही मिळते, सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारेही आहेत. मुक्काम शोधताना ‘आक्योय व्हेलो’ ही पाटी बघा. अशी ठिकाणं मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि सायकल कुलपात ठेवायला जागा, दुरुस्तीची हत्यारं ठेवतात. प्रादेशिक गाड्यांत सायकल चढवता येते, पण उन्हाळ्यात काही गाड्यांत जागा आधी राखावी लागते. तिकीट काढतानाच ते बघून घ्या.

प्रश्न : एवढ्या नद्या आहेत, तर ल्वारमध्ये स्नान करता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही, आणि हे मी ठामपणे सांगते. आपल्या नद्या जूननंतर फुगतात, ल्वार उन्हाळ्यात आटत जाते. मोठाले वाळूचे पट्टे उघडे पडतात, पाणी गुडघाभर दिसतं, आणि माणसाला वाटतं चालत पलीकडे जाऊ. खालची वाळू सरकती आहे. एका पावलाला तळ लागतो, दुसऱ्याला खड्डा आणि ओढ. दरवर्षी इशारे लावतात, तरी दुर्घटना होतात. शिवाय वसंतापासून त्या वाळूवर सुरय पक्षी अंडी घालतात, तिथे माणसाने पाऊल ठेवू नये.

या नदीला इथली माणसं किती जपून असतात ते काठावरच्या घरांच्या भिंती बघून कळेल. 1846, 1856 आणि 1866 च्या पुरांच्या खुणा कोरून ठेवल्या आहेत, काही तर दाराच्या चौकटीहून उंच. तुम्ही सायकल चालवाल तो रस्ता पुष्कळ ठिकाणी पूर अडवायला घातलेल्या बांधावरूनच जातो. पाण्यावर जायची हौस सपाट तळाच्या होडीतून भागवा. संध्याकाळी काँदहून किंवा आंब्वाजजवळून स्थानिक नावाडी घेऊन जातात.

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन येऊ का? – एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : जरूर या. बारा वर्षांखालच्या मुलांना फ्रान्समध्ये हेल्मेट सक्तीचं आहे, ते आणा. तूर ते व्हिलाँद्री हे वीसेक किलोमीटर तिच्यासाठी सगळ्यात चांगले, जवळजवळ सपाट आणि गाड्यांपासून दूर. आंब्वाज ते तूर या टप्प्यात माँलुईच्या द्राक्षमळ्यांत चढ आहेत, ते अंतर रेल्वेने काढलंत तरी चालेल. तंबू असेल तर नगरपालिकांचे तळ नदीकाठीच असतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जागा आधी राखा.