‘सर्टिफिकेट मिळालं की केस संपते ना?’

हा प्रश्न तुरुंगातल्या एका मानसिक रुग्णाच्या बहिणीचा. दोन वकिलांनी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिला म्हणाला, ‘वेडाचं सर्टिफिकेट आणा, केस फाइल होऊन जाईल.’ दुसरा म्हणाला, ‘चुकूनही आणू नका. एकदा वेडा ठरला की जन्मभर मनोरुग्णालयात.’ बहिणीनं दोन्ही वाक्यं वहीत लिहून आणली होती. यातलं खरं कुठलं, एवढंच तिला हवं होतं.

खरं एकही नाही. पण दोन्हींमागे काहीतरी आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर. (ओळख पटू नये यासाठी अशा अनेक कुटुंबांच्या अनुभवांतून ते जुळवलं आहे.)

भाऊ ३४ वर्षांचा, गॅरेजमध्ये काम करणारा. नऊ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय घट्ट बसणं असा मानसिक आजार. गोळ्या चालू होत्या तोवर काम नीट चाललं होतं. ‘आता बरा आहे’ म्हणून घरच्यांनीच गोळ्या थांबवल्या, आणि चौथ्या महिन्यात त्यानं शेजारच्या दुकानदाराच्या हातावर लोखंडी पाना मारला. हाड मोडलं. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती ‘जबर दुखापत’, तीही हत्यारानं, म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२). अजामीनपात्र. तीन महिने तो जिल्हा कारागृहात होता. बराकीतले बंदी सांगत, रात्रभर भिंतीशी बोलतो. तारखेला मात्र न्यायाधीशांनी नाव-गाव विचारलं की बरोबर सांगायचा. त्यामुळे रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या कामकाजाच्या नोंदीत, काही येत नव्हतं आणि पुढची तारीख पडत होती.

अशा घरांत पहिला गोंधळ होतो तो दोन प्रश्नांचा. पाना मारला त्या दिवशी त्याला आपण काय करतोय ते कळत होतं का, हा एक प्रश्न. त्याचं उत्तर न्याय संहितेच्या कलम २२ खाली, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ८४ खाली, खटला चालून शेवटी मिळतं. आज तो स्वतःचा बचाव करू शकतो का, हा दुसरा. त्याची प्रक्रिया भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६७ पासून पुढे आहे. १ जुलै २०२४ च्या आधी तीच फौजदारी प्रक्रिया संहितेत ३२८ पासून होती. गुन्ह्याच्या दिवशी पूर्ण भानावर असलेला माणूस आज बचावाला असमर्थ असू शकतो, आणि उलटही. पहिल्या वकिलाचं ‘सर्टिफिकेट’ या दोन्हींची खिचडी होती. दुसऱ्या प्रश्नावर ‘असमर्थ’ हे उत्तर आलं तर खटला थांबतो. निर्दोष सुटका त्यानं होत नाही.

न्यायालयाला शंका यायला कारण लागतं, आणि ‘माझ्या भावाच्या डोक्यावर परिणाम झालाय’ हे कारण म्हणून फार पुरत नाही. बहिणीकडे दोन गोष्टी होत्या. एक, जुने ओपीडीचे केसपेपर आणि मेडिकलची बिलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत चुरगळलेली. शेवटचं बिल कुठल्या तारखेचं यावरून गोळ्या कधी सुटल्या ते दिसत होतं. दुसरी गोष्ट तिची वही. तिला एवढंच सांगितलं की ‘वेड्यासारखा वागतो’ असं लिहायचं नाही. काय दिसलं, काय ऐकलं, कुठल्या तारखेला, तेवढंच लिहायचं. मग नोंदी अशा आल्या: ‘मुलाखतीत दहा मिनिटांत तीनदा मागं वळून कुणाला तरी गप्प बस म्हणाला.’ ‘डबा परत दिला, म्हणाला वकिलानं औषध घातलंय.’ वकिलाच्या अर्जाला या दोन ओळींनी वजन आलं. हा अर्ज वकील करू शकतो, तुरुंगाचे वैद्यकीय अधिकारी न्यायालयाला कळवू शकतात, न्यायाधीश स्वतःहूनही दखल घेऊ शकतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. कोठडीतल्या माणसाला आणि मानसिक रुग्णाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

त्यानंतरचा रस्ता कायद्यानंच आखलेला आहे. आधी जिल्हा शल्यचिकित्सक, लोकांच्या भाषेत सिव्हिल सर्जन, तपासतात. त्यांना आजार वाटला तर ते सरकारी रुग्णालयातल्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजमधल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे अथवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवतात. महाराष्ट्रात बऱ्याचदा ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव पुढे येतं. तिथला निष्कर्ष आरोपीला मान्य नसेल तर वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येतं. आणि डॉक्टरचा कागद आला की काम झालं असं नसतं. दंडाधिकारी डॉक्टरांना साक्षीदार म्हणून तपासतात आणि ती साक्ष लिहून घेतात. निर्णय न्यायालयाचा असतो, दवाखान्याचा नाही.

खरी गुंतागुंत तपासणीच्या टेबलावर असते. भावाला आणलं तेव्हा तो पहाटे पाचपासून पोलिसांच्या गाडीत होता आणि सकाळची गोळी चुकलेली. अशा अवस्थेत घेतलेली मुलाखत मातीमोल. म्हणून आधी चहा-बिस्किटं, गोळीची नोंद, आणि गार्ड दाराबाहेर: दिसतील इतके जवळ, ऐकू येणार नाही इतके लांब. मग त्याला सांगायचं की इथं बोललेलं न्यायालयात जाणार आहे, हा उपचार नाही. हे त्याला समजलं का, ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावायचं. प्रश्न घरच्या बोलीत विचारायचे. अहिराणी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाला पुस्तकी मराठीत ‘दोषारोप’ विचारला तर तो गप्पच बसेल, आणि ते गप्प बसणं आजार म्हणून लिहिलं जाईल.

‘तुझ्यावर काय आळ आहे?’ ‘दुकानदाराला मारलं म्हणतात. ११८.’ कलमाचा आकडा त्यानं बराकीत पाठ केला होता.

‘जजसाहेब काय करतात?’ ‘दोघांचं ऐकून शिक्षा देतात, नाहीतर सोडतात.’

‘सरकारी वकील कुणाच्या बाजूचा?’ ‘सरकारच्या. म्हणजे माझ्या. गरिबाला सरकारच असतं ना.’

हे उत्तर चुकीचं आहे, पण हा आजार नाही. कोर्टाची पायरी कधी न चढलेले कितीतरी लोक हेच सांगतील. अशा वेळी चुकलेलं समजावून सांगायचं आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारायचं. माहीत नसणं वेगळं, सांगूनही डोक्यात न टिकणं वेगळं. चौथ्या दिवशी त्यानं बरोबर उत्तर दिलं. इथवर तपासणारा घाईत असता तर ‘फिट’ लिहून मोकळा झाला असता.

मग त्याच्या स्वतःच्या वकिलाबद्दल विचारलं. ‘त्याला काही सांगणार नाही. दुकानदाराच्या आणि त्याच्या मोबाइलमध्ये माझाच आवाज भरलाय. मी बोललो की तिकडं ऐकू जातं.’ वकीलपत्रावर सही का केली? ‘केली नसती तर आवाज वाढवला असता.’ पाच वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या शब्दांत विचारलं; उत्तर तेच. न्यायालय म्हणजे काय हे त्याला कळत होतं. पण ज्याच्यामार्फत बचाव करायचा तोच माणूस त्याच्या लेखी कटात सामील होता. बचावाची असमर्थता म्हणतात ती ही. नाव, वार, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा कर, एवढ्यावर जो अहवाल थांबतो त्यात ही गोष्ट कधीच सापडत नाही.

घटना आठवत नाही असं तो एकदा म्हणाला होता. तेवढ्यावरून कुणी असमर्थ ठरत नाही. आठवण नसलेला माणूसही कागद समजून घेऊन वकिलाशी बोलू शकतो. आरोपपत्रातला एक परिच्छेद सोप्या शब्दांत वाचून दाखवून तो परत सांगायला लावला. सहा ओळींपर्यंत ठीक, त्यापुढे आवाज मध्ये यायचे.

सोंगाची शंका प्रत्येक वेळी घेतली जाते, आणि घ्यावीच. म्हणून शक्य असेल तिथं काही दिवस वॉर्डात ठेवतात. मुलाखतीत सोंग जमतं, रात्री तीन वाजता जमत नाही. सोंग करणारा बहुधा सगळंच चुकवतो. गाईला पाय किती, तर पाच. दोन पर्यायांतला एक निवडायचा अशा वीस प्रश्नांत नुसत्या अंदाजानंही दहाच्या आसपास बरोबर येतात. एखाद्याचे तीनच आले, तर उत्तरं माहीत असून तो ती टाळतोय अशी दाट शंका घ्यावी. भावाचं चित्र उलट होतं: तो आजार लपवत होता. ‘मला काही नाही, जेलमध्ये पाठवा’ असं सारखं म्हणायचा. घरच्यांना इथं कळकळीनं सांगणं आहे की ‘डॉक्टरसमोर जरा वेड्यासारखं कर’ असं शिकवू नका. खऱ्या आजारावर शिकवलेलं सोंग चढलं की खरा आजारही खोटा वाटू लागतो.

अहवालात काय नसावं हे तितकंच महत्त्वाचं. ‘पेशंट सायकोटिक आहे’ (वास्तवाचं भान सुटलेलं आहे) ही एक ओळ न्यायालयाच्या कामाची नाही. नुसतं ‘फिट’ही नाही, कशासाठी फिट? डिस्चार्जसाठीचं ‘फिट’ खटल्यासाठीचं समजून कामकाज सुरू झाल्याचं घडतं. घटनेच्या रात्री त्यानं काय केलं याची कबुलीसदृश वर्णनंही इथं नकोत, प्रश्न आजचा आहे. निदान, त्यामुळे नेमकी कुठली क्षमता अडते, त्याचीच दोन-तीन वाक्यं पुरावा म्हणून, आणि उपचारानं सुधारणा किती काळात अपेक्षित, एवढं हवं. शेवटचा मुद्दा बरेच जण गाळतात, आणि खटला किती काळ पुढे ढकलायचा हे न्यायालय त्यावरच ठरवतं.

असमर्थ ठरल्यावर दंडाधिकारी आरोपीला प्रश्न न विचारता सरकारी पक्षाचा पुरावा पाहतात आणि त्याच्या वकिलाचं ऐकतात. प्रथमदर्शनी केसच नसेल तर तिथंच दोषमुक्ती. असेल तर उपचारासाठी तहकुबी. आजार नसून बौद्धिक अक्षमता असेल तर हिशेब वेगळा: ती औषधानं जात नाही, म्हणून त्यामुळे बचाव अशक्य असेल तर चौकशी बंदच करण्याची तरतूद आहे.

आता दुसऱ्या वकिलाची भीती. आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली, आरोप जबर दुखापतीचाच. तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. १९६७ मध्ये रुग्णालयानं ते बरे असल्याचं कळवलं, पण त्यांना तिथून तुरुंगात हलवलं गेलं आणि खटला चाललाच नाही. सुटका २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर. त्यांच्यासाठी विचारणारं कुणी नव्हतं आणि फाइल पडून राहिली. तेव्हा भीती अगदीच खोटी नाही, पण तिच्यावर उपाय अर्ज न करणं हा नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६९ खाली गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन देता येतो. त्यासाठी भरती राहण्याची गरज नसावी, आणि नातेवाइकानं किंवा मित्रानं दोन गोष्टींची हमी द्यावी: जवळच्या दवाखान्यात नियमित ओपीडी उपचार, आणि स्वतःला वा इतरांना इजा होऊ न देणं. अशी हमी द्यायला कुणीच पुढे आलं नाही तर माणूस आत राहतो.

बहीण इथं अडखळली. ‘परत मारलं कुणाला, तर मी आत जाणार का?’ हमीचा प्रत्येक शब्द वकिलाकडून समजून घेऊनच सही करावी, आणि झेपेल तेच कबूल करावं. तिनं आधी राहण्याची सोय बदलली: दुकानासमोरचं घर नको, मामाच्या गावी.

भावाला दोन महिने भरती राहावं लागलं. अशा प्रकरणांत घात होतो तो पुढच्या टप्प्यावर. रुग्णालय ‘समर्थ’ लिहितं, माणूस तुरुंगात परततो, तिथं गोळ्यांत खंड पडतो, तारखेपर्यंत तो पुन्हा पहिल्यासारखा. पोलिस गार्ड मिळाले नाहीत म्हणून एक तारीख हुकली तरी चक्र सुरू होतं. म्हणून डिस्चार्ज कार्डाच्या तीन प्रती काढल्या: एक तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पोच घेऊन, एक वकिलाला, एक वहीत. डॉक्टरांनी गोळ्यांसोबत फ्लुफेनाझिनचं लांब टिकणारं इंजेक्शन सुरू केलं, २५ मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. त्यानं कधी कधी पाय स्वस्थ राहत नाहीत, माणूस सारखा उठ-बस करतो, आणि न्यायालयात ते नाटक किंवा उद्धटपणा वाटू शकतं. म्हणून ते लेखी कळवलं, आणि झोप आणणारी गोळी रात्रीवर ढकलली.

हमीपत्र झालं, जामीन झाला, आणि समर्थ असल्याच्या अहवालावर डॉक्टरांची साक्ष होऊन कामकाज पुन्हा सुरू झालं. पहिल्या तारखेआधी वकिलानं त्याला साक्षीदारांची यादी वाचून दाखवली. त्यानं ती दुसऱ्यांदा वाचायला लावली आणि विचारलं, ‘भांडण सोडवायला पंक्चरवाला मध्ये आला होता. त्याचं नाव यात का नाही?’