नाटकाचे घटक झाले, पण पडद्याचा हिशेब केला का?

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मंडईसाठी, म्हणजे आपल्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) गावजत्रेसाठी, तीन अंकी नाटक बसवताय, कथानक, पात्रं, संवाद, संघर्ष, संगीत सगळं जमलंय, आता कोणता घटक राहिला असं विचारताय. त्याखाली पहिल्या अंकाचे प्रवेश दिलेत: वाडा, कोर्ट, दवाखाना, पुन्हा वाडा. ती यादी पाहिली आणि माझ्या पोटात गोळाच आला. 2011 च्या मंडईत आमच्या मंडळाची यादी जवळपास अशीच होती.

आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक हे अभिनयाचे चार प्रकार तुम्हाला ठाऊकच असतील, ते सोडतो. अ‍ॅरिस्टॉटलने सहा घटक सांगितले, त्यात कथानक पहिलं आणि दृश्य शेवटी. दृश्याचा भाग कवीपेक्षा सामान जमवणाऱ्याच्या हातात असतो, असं त्याचं म्हणणं. बरोबर आहे, पण त्याला आमच्या धानाच्या बांधीत मंडप टाकून रात्री दीड वाजता कोर्ट हटवून वाडा उभा करायचा नव्हता.

आमचं काय चुकलं ते सांगतो. प्रत्येक प्रवेश आम्ही वेगळा बसवला, आणि छान बसवला. पण एक प्रवेश संपून दुसरा सुरू होईपर्यंत रंगमंचावर काय चालू राहील, हे कोणीच विचारलं नाही. आमचे जवळपास सगळे प्रवेश खोल होते, म्हणजे पूर्ण स्टेज वापरणारे, खुर्च्या, टेबल, पलंग मांडून. एक संपला की दर्शनी पडदा पाडायचा, सामान उचलायचं, मागचा पडदा बदलायचा, नवीन मांडायचं. त्यात आमचा वकील हाच पुढच्या प्रवेशातला म्हातारा बाप. त्याला दाढी चिकटवेपर्यंत सगळे थांबलेले.

असा पडदा अकरा वेळा पडला. दर वेळी बारा-पंधरा मिनिटं. म्हणजे दोन तासांच्या वर लोक नुसता पडदा पाहत तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) कुडकुडत बसले. पहिल्या वेळी ऑर्गनवाल्याने गाणं वाजवून सांभाळून घेतलं. चौथ्या वेळी मागून आवाज आला, "काहून बे, पडदा शिवून रायले का?" सगळा मंडप हसला. रात्रभरातला सगळ्यात मोठा हशा तोच, आणि तो आमच्या नाटकातला नव्हता.

खरा फटका पुढेच. नायिका आम्ही वडशाहून ठरवली होती, तिथे झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या आहेत. दुसऱ्या दिवशी तिचा प्रयोग दुसऱ्या गावाला, म्हणून पहाटे चारला गाडी येणार हे आधीच ठरलेलं. चार वाजले तेव्हा आमचा दुसरा अंक संपत होता. ती बिचारी आणखी अर्धा तास थांबली, तिला बोल लावायची सोय नाही. तिसरा अंक नायिकेविना झाला. तिचे संवाद प्रॉम्प्टरने विंगेतून म्हटले, पुरुषी आवाजात. खलनायक मेला तेव्हा उजाडलं होतं आणि समोर चाळीसेक माणसं उरली होती, त्यातली निम्मी झोपलेली. पुढच्या वर्षी तिकिटं खपेनात. मंडपवाल्याची उधारी दोन वर्षं फेडली.

रंगीत तालीम का नाही केली, असं विचाराल. करायची होती. पण मैदानाच्या परवानगीसाठी एका कार्यालयात सहा चकरा मारल्या. कधी साहेब दौऱ्यावर, कधी अर्जात तारीख चुकली, कधी शिक्का कपाटात आणि किल्ली घरी. कागद हाती आला प्रयोगाच्या दिवशी दुपारी तीनला. अजूनही त्या दारासमोरून जाताना माझं डोकं फिरतं. जाऊ द्या. पण खरं सांगायचं तर शाळेच्या वर्गात खडूने स्टेज आखूनही सलग तालीम झाली असती. आम्ही केली नाही.

यावरची युक्ती जुनी आहे. संगीत नाटकाच्या काळापासून मराठी मंडळी खोल प्रवेशानंतर उथळ प्रवेश लावत आली. पुढे रस्त्याचं चित्र असलेला पडदा सोडायचा, त्याच्यापुढे दोन-तीन पात्रांचा प्रवेश चालू, आणि मागे गुपचूप सामान बदलायचं. झाडीपट्टीतला विनोदी प्रवेश बहुतेक वेळा हेच काम करतो. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यापासून शहरातली माणसं आपल्या रंगभूमीबद्दल आदराने बोलतात, पण 'मध्येच विनोद घुसडता' हे ऐकवायचं सोडत नाहीत. अहो, तो नसला तर आमच्यासारखा पडदा शिवत बसावं लागते! अर्थात निव्वळ वेळकाढू विनोद लोक ओळखतात. त्या नोकराच्या किंवा कोतवालाच्या तोंडी पुढच्या प्रवेशाची एखादी बातमी घाला, म्हणजे कथानकही सरकते.

तुमच्या यादीत मी असं करीन: वाड्यानंतर रस्ता, मग कोर्ट. दवाखाना काढूनच टाका, दवाखान्यातली बातमी रस्त्यावर कळू द्या. एकाच नटाच्या दोन भूमिकांमध्ये किमान एक पूर्ण प्रवेश जाऊ द्या. हे माझं मत. मी नट म्हणून कधीच चाललो नाही, म्हणून मागची बाजूच सांभाळतो. मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं असू शकते.

आणखी एक. रात्री दहानंतर भोंग्याचा नियम कडक आहे. सूट मिळाली तरी ती ठरावीक दिवसांपुरती आणि बारापर्यंतची, तेव्हा पोलीस ठाण्यात आधीच बोलून ठेवा. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या. प्रॉम्प्टरला स्वतःची बॅटरी द्या, जनरेटर हमखास तिसऱ्या अंकात जातो.

आज-उद्या पडदेवाल्याला फोन करून रस्त्याचा पडदा आहे का आणि तो किती पुढे बांधता येतो, एवढं विचारा. पडद्यापुढे चार हातही जागा उरत नसेल तर इथे लिहा, मग प्रवेशांचा क्रम वेगळा लावावा लागेल.