अल्बममधली कार्डं सोडवू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांच्या ट्रंकेत प्लेअर्स सिगारेटचा १९३८ चा क्रिकेटपटूंचा अल्बम सापडला आहे, पन्नासच्या पन्नास कार्डं चिकटवलेली आहेत. ती सोडवून ग्रेडिंगला, म्हणजे अवस्था तपासून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवावीत का, आणि विकून जे येईल त्यातून न्यू जर्सीतल्या भावाच्या सांगण्यावरून टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल कार्डांच्या सेटला सुरुवात करावी का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, कृपा करून नाही. दुसऱ्याकडे नंतर येतो. हाच अल्बम, हाच सेट माझ्याकडे होता आणि तो मी माझ्या हातांनी घालवला, म्हणून हे सगळं लिहितोय.

आधीच सांगतो, मी जतनतज्ज्ञ नाही आणि व्यापारीही नाही. वीस-बावीस वर्षं जुनी क्रिकेटकार्डं जमवतोय, एवढाच अधिकार. कागद कागदात फरक असतो, तुमच्या अल्बमचं नेमकं काय होईल ते मी सांगू शकत नाही. माझ्याकडच्याचं काय झालं ते सांगतो.

आमचे धाकटे आजोबा, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, बोटीवर कोठारात कामाला होते. मुंबई ते लंडन अशा त्यांच्या फेऱ्या व्हायच्या. १९३८ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये होता. त्या निमित्ताने प्लेअर्सने सिगारेटच्या पाकिटांत ही कार्डं घातली. कार्डाच्या मागे डिंक लावलेलाच असायचा, ओला केला की चिकटायचा. अल्बम तंबाखूच्या दुकानात एक पेनीला मिळायचा. म्हणजे चिकटवणं हा कोणाचा निष्काळजीपणा नव्हता, ती कार्डं त्यासाठीच छापलेली होती. हे मला तेव्हा समजलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. मला वाटायचं, कार्ड सुटं म्हणजे अस्सल आणि चिकटवलेलं म्हणजे बिघडलेलं. बेसबॉलवाल्यांचं वाचून वाचून हे डोक्यात बसलं होतं.

धाकट्या आजोबांनी अल्बमच्या समासात बारीक अक्षरात टिपा लिहिल्या होत्या. हटनच्या कार्डाशेजारी '३६४, ओव्हल'. ब्रॅडमनच्या शेजारी 'बोलिंग टाकताना पाय मोडला, बॅटिंग नाही'. दोन्ही खरं आहे. ऑगस्टमध्ये ओव्हलवर झालेल्या कसोटीत हटनने ३६४ धावा केल्या, इंग्लंडने ७ बाद ९०३ वर डाव सोडला आणि घोटा दुखावलेला ब्रॅडमन एकाही डावात फलंदाजीला आला नाही. आजोबा सामन्याला होते की बोटीवर कोणी वाचून दाखवलं, ते आता विचारायला कोणी उरलं नाही. टिपा होत्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने, जिभेला लावून ओली करत लिहायची असायची ना, ती.

२०१६ च्या जुलैत मला कार्डं सुटी करायची घाई झाली. आधी विचारलं नाही असं नाही. जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम जिथे चालतं अशा एका कार्यालयात तीनदा गेलो. पहिल्यांदा सांगितलं की लेखी अर्ज आणा. अर्ज नेला तर म्हणे अल्बमचे फोटो जोडा. फोटो नेले तर टेबलामागच्या बाईंनी ते उलटेसुद्धा केले नाहीत. 'खासगी वस्तू आम्ही बघत नाही, आणि सिगारेटची चित्रं म्हणजे कागदपत्र नव्हे.' मी फक्त एवढंच विचारत होतो की पाण्याने डिंक सुटतो का आणि त्यात धोका काय. एका वाक्याचं काम होतं. 'समासातली पेन्सिल कसली आहे ते आधी बघा' एवढं जरी कोणी म्हणालं असतं तरी पुरलं असतं. आजही त्या इमारतीवरून बस जाते तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

मग इंटरनेटवर शोधलं. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वीची तंबाखूची कार्डं वहीतून सोडवायला लोक पाण्यात भिजवतात, असं दिसलं. खोटं नाही ते, जमतंही पुष्कळांना. मी स्टीलच्या परातीत कोमट पाणी घेतलं. अल्बमच्या पिना काढल्या, पानं सुटी केली आणि पहिलं पान बुडवलं. दहा-बारा मिनिटांत कार्डं आपोआप वर आली. मागचा मजकूर स्वच्छ, कोपरे जागेवर. मला केवढा आनंद झाला होता! आणि तिथेच मी चुकलो. पहिल्या पानावर टीप नव्हती, म्हणून ते नीट निघालं. त्या यशावर भरवसा ठेवून मी पुढची तीन पानं एकदम परातीत सोडली.

आधी एका कोपऱ्यातून जांभळा धागा निघाला. मला वाटलं कार्डाचा रंग असेल. मी पान उचलायच्या आत सगळं पाणी जांभूळ चुरगळल्यासारखं झालं. कॉपिंग पेन्सिलीत रंग असतो आणि तो पाण्यात पूर्ण विरघळतो, हे मला माहीतच नव्हतं. हटनची पांढरी पँट जांभळी झाली. कडेची पांढरी किनार जांभळी झाली. धुतली, पुन्हा धुतली, तेवढ्यात पानांचा लगदा झाला आणि टिपा कागदासकट हातात आल्या. 'पाय मोडला' यातला 'पाय' तेवढा एका तुकड्यावर उरला होता. तो मी अजून ठेवला आहे.

वाळवतानाही चुकलो. वर्तमानपत्रात घालून वर शब्दकोशाचे दोन खंड ठेवले. छपाईची शाई उलटी उमटली. बाहेर संततधार, हवेत ओल, चौथ्या दिवशी उघडलं तर राहिलेल्या डिंकाने कार्डं एकमेकांना चिकटलेली आणि आठवड्याने बुरशीचे करडे ठिपके. पन्नासपैकी धड राहिली ती पहिल्या पानावरची.

आता हिशेब बघा. हा सेट लाखोंनी छापला गेला होता. इंग्लंडमध्ये आजही प्लेअर्स १९३८ चा सुटा, कधीच न चिकटवलेला पूर्ण सेट सहज मिळतो, आणि तोही एखाद्या बऱ्या हॉटेलात चार जणांनी जेवावं तेवढ्याच पैशात. ग्रेडिंगला मात्र प्रत्येक कार्डामागे वेगळे पैसे लागतात, शिवाय जायचा-यायचा विमा. म्हणजे पन्नास कार्डं पाठवायचा खर्च सेटच्या किमतीच्या कितीतरी वर जातो. आणि मागचा कागद थोडा जरी खरवडला गेला असेल तरी ग्रेड तळाला बसते. जे बाजारात सहज मिळतं ते मिळवायला मी जे कुठेच मिळणार नाही ते पाण्यात घातलं.

तेव्हा तुम्हाला सुटी कार्डं हवी असतील तर सुटा सेट विकत घ्या. अल्बम अल्बम म्हणून राहू द्या. कार्डं चिकटवल्यावर मागची माहिती झाकली जाते म्हणून प्लेअर्सने ती पानावर खाली छापली होती. वाचायला काही अडत नाही.

दुसरा प्रश्न, १९५२ चं टॉप्स. माझं मत थोडं कडक आहे, भावाला राग येऊ नये. तो सेट अमेरिकेत इतका लाडका का आहे हे मला समजतं. ४०७ कार्डं, मोठा आकार, रंग असे की जुनं कार्ड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. पण शेवटचा टप्पा, ३११ ते ४०७, हंगाम सरताना दुकानात आला आणि पडून राहिला. टॉप्सच्या साय बर्गर यांनी १९६० मध्ये उरलेला माल पडावात भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकमध्ये बुडवला. त्यामुळे ती शेवटची ९७ कार्डं महाग. त्यात ३११ वं मिकी मँटल या बेसबॉलपटूचं. २०२२ मध्ये त्याची एक उत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. गंमत बघा, मँटलचं कार्ड त्या टप्प्यात दुप्पट छापलेलं आहे, म्हणजे आसपासच्या बहुतेकांपेक्षा जास्त. ते त्याचं पहिलंही नाही, पहिलं बोमन कंपनीच्या १९५१ च्या सेटमधलं. तरी भाव त्याचाच. दुर्मिळ म्हणजे महाग, असं सरळ गणित या छंदात चालत नाही. लोकांचं मन कशात अडकलंय ते बघावं लागतं.

तुमच्या अल्बमच्या पैशात त्या सेटची सुरुवातसुद्धा नीट होणार नाही. भावाला अमेरिकन काही हवंच असेल तर टी-२०६ या बेसबॉल सेटमधली साधी, फारशा नावाजलेल्या नसलेल्या खेळाडूंची, थोडी गोल कोपऱ्यांची कार्डं घेऊ दे. १९०९ ते १९११ मधला सिगारेटच्या पाकिटातला सेट. होनस वॅगनरचं प्रसिद्ध कार्ड त्यातलंच, पण ते आपल्या खिशाबाहेरचं. पण एखादा अनोळखी पिचर (चेंडू फेकणारा), मागे पीडमाँट सिगारेटची जाहिरात, असं कार्ड हातात घेतलं की शंभर वर्षांचा कागद म्हणजे काय ते कळतं. गौडी कंपनीचा १९३३ चा बेसबॉल सेटही सुंदर आहे. त्यात बेब रूथची चार कार्डं आहेत. फ्लीअर कंपनीच्या १९८६ च्या बास्केटबॉल सेटपासून नवख्याने लांब राहावं, जॉर्डनच्या ५७ नंबरच्या कार्डाच्या नकला ढिगाने फिरतात.

आपल्यासारख्यांनी मात्र क्रिकेटच जमवावं असं मला मनापासून वाटतं. माझा सर्वांत आवडता सेट चर्चमन या सिगारेट कंपनीचा १९३६ चा 'क्रिकेटर्स'. पन्नास कार्डं, आणि त्यात त्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेलेले आपले खेळाडू आहेत. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू आहेत, मुंबईचे विजय मर्चंट आहेत. त्याच दौऱ्यात ओल्ड ट्रॅफर्डला मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी २०३ ची सलामी दिली. इंग्लंडच्या सिगारेटच्या पाकिटात नायडूंचा चेहरा निघायचा, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ ते कार्ड खाली ठेवलं नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बिग फन बबलगमच्या धावा आणि विकेट मोजत ज्यांनी कार्डं जमवली, त्यांना हा सेट हातात घेतल्यावर वेगळं काही सांगावं लागणार नाही.

विल्सचा १८९६ चा सेट, ज्यात डब्ल्यू. जी. ग्रेस आहेत, तो क्रिकेटवाल्यांचा मानाचा. पण त्याच्या पुनर्मुद्रित प्रती भरपूर आहेत आणि काही विक्रेते ते सांगत नाहीत. दहा पटींचं भिंग घ्या. जुन्या शिळाछापात रंगाचे ठिपके ओबडधोबड पसरलेले दिसतात. नव्या छपाईत तेच ठिपके ओळीने, फुलासारखे गोल बसलेले असतात. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलंत की पुन्हा फसणार नाही.

आता तुमच्या अल्बमसाठी जे मी आज करेन ते. पिना गंजल्या आहेत का बघा. गंज पानावर उतरला असेल तरी पिना ओढू नका, गंज लागलेल्या ठिकाणी पानांमध्ये पातळ कागद सरकवा. पानांमध्ये आम्लरहित कागद घाला, मुंबईत चित्रकलेच्या साहित्याच्या मोठ्या दुकानांत मिळतो. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात ती घामेजते आणि चिकटते. लॅमिनेशनचं नाव काढू नका. कोपऱ्यातल्या झेरॉक्सवाल्याने कितीही आग्रह केला तरी नाही. सेलोटेप नाही, रबरबँड नाही. अल्बम आडवा ठेवा, वर वजन नको, बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात तर मुळीच नको. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला बदला. इंग्लंडहून सुटा सेट मागवलात तर विक्रेत्याला पाकिटावर 'जुनी छापील सिगारेट कार्डं' असं स्पष्ट लिहायला आणि बिल आत-बाहेर दोन्हीकडे लावायला सांगा. नुसतं 'कार्ड्स' लिहिलेलं माझं एक पाकीट पत्ते समजून सहा आठवडे अडकून पडलं होतं.

आणि समास बघा. तुम्ही प्रश्नात काही लिहिलं नाही, पण आजोबांनी कुठे काही टिपलं असेल, नाव, धावसंख्या, तारीख, काहीही, तर ते पान आजच दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वरून सरळ फोटो काढून ठेवा. अक्षर जांभळं किंवा निळसर असेल तर त्याला ओला हातसुद्धा लावू नका. बोट ओलं करून पान उलटायची सवय घरात कोणाला असेल तर त्यांनाही सांगा. फोटो इथे टाकलेत तर मला बघायला आवडेल, हटनच्या पानाचा तर नक्कीच.