रिकाम्या सीटची पावती

प्रश्न : मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. त्याने मला ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीत बसवून दिलं. मागून बंबाचा भोंगा वाजला आणि आमची टॅक्सी मधल्या लेनमध्येच थिजली. बंबातला माणूस काचेवर थापा मारतोय आणि मी हात जोडून बसलेय! पुढे सरकून चाक फिरवावं असंही वाटलं. मिनिटभराने गाडी हलली. दंड मला झाला असता का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तुम्ही उतारू होतात. भोंगा ऐकू आला की उजव्या कडेला घेऊन थांबायचं, हा कॅलिफोर्नियाचा नियम गाडी चालवणाऱ्यासाठी आहे. पण पावतीवर नाव कोणाचं लिहायचं? सप्टेंबर २०२५ मध्ये जवळच्या सॅन ब्रुनोत अशाच एका गाडीने चुकीचा यू-टर्न घेतला. पोलिसांनी अडवली आणि पावती न फाडताच सोडली.

आपल्याला हसायला जागा नाही. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ई रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं; तेही 'वाहन चालवताना'. चालवणाराच नसेल तर?

कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला. १ जुलै २०२६ पासून पोलीस थेट कंपनीला नियमभंगाची नोटीस देऊ शकतात. एखादा भाग रिकामा करा असं आपत्कालीन यंत्रणेने कळवलं, की २ मिनिटांत कंपनीने आपल्या गाड्यांना तसा आदेश द्यायचा. मात्र नोटिशीला दंडाची रक्कम जोडलेली नाही. ही मला मोठीच पळवाट वाटते.

उशिरामुळे कोणी दगावलं तर नुकसानभरपाईचा दावा करता येतो, पण मोटार अपघाताचे दावे लढवताना मी शिकले ते हे : उशीर दाखवणं सोपं, उशिरामुळेच जीव गेला हे दाखवणं महाकठीण. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या अग्निशमन दलाने म्हटलं, 'क्रूझ' या कंपनीच्या ड्रायव्हर नसलेल्या गाड्यांमुळे रुग्णवाहिका अडकली. तो रुग्ण पुढे दगावला. कंपनीने स्वतःच्या कॅमेऱ्यातलं चित्रीकरण पुढे केलं : शेजारची लेन मोकळीच होती. म्हणजे पुरावाही ज्याच्यावर आरोप त्याच्याच खिशात.

पुन्हा असं झालं तर गाडीतलं मदतीचं बटण दाबा आणि पलीकडच्या माणसाला "मागे बंब आहे" एवढंच सांगा. चाकाला हात लावला नाहीत ते फार बरं केलंत. लावला असतात, तर पावतीवर लिहायला नाव मिळालं असतं.