वाघ ही ‘प्रजाती’ की ‘जाती’?

प्रश्न असा आहे: बातम्यांत ‘वाघ ही संकटग्रस्त प्रजाती’ असं वाचायला मिळतं, शाळेच्या पुस्तकात मात्र वाघ ‘जाती’ ठरतो. खरं कोणाचं?

पुस्तकाचं. मराठी परिभाषेत प्राण्यांची उतरंड सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरते. म्हणजे जीनस ती प्रजाती (काही जण ‘वंश’ म्हणतात) आणि स्पीशीज ती जाती. वाघाचं शास्त्रीय नाव पँथेरा टायग्रिस. यातला पँथेरा हा शब्द प्रजातीचा, आणि सिंह व बिबट्या हेही पँथेराच. त्यामुळे वाघाला प्रजाती म्हटलं की हे दोघेही आपोआप त्यात येऊन बसतात. चित्ता मात्र ठिपके मिरवत असूनही ॲसिनोनिक्स या निराळ्या प्रजातीतला. घरातल्या मनीसकट या सगळ्यांचं कुल एकच, फेलिडी.

मी हे ‘प्रपितामह’ शब्दावरून लक्षात ठेवतो. पितामह आजोबा, प्रपितामह पणजोबा; ‘प्र’ लागला की एक पायरी वर. व्युत्पत्ती म्हणून नव्हे, खूणगाठ म्हणून!

मग घोळ कुठून आला? हिंदीत स्पीशीजसाठी ‘प्रजाति’ सर्रास चालतो, तो बातम्यांच्या भाषांतरांतून इकडे आला असावा. शिवाय ‘जात’ म्हटलं की आपल्याकडे भलतंच काही आठवतं, म्हणून लिहिणारा बिचकतो, असा माझा कयास. बोलण्यात तर ‘जात’ आणखी सैल आहे. हापूस, पायरी, केशर यांना आपण आंब्याच्या जाती म्हणतो. शास्त्राच्या हिशेबी ते वाण, जाती एकच, मँजिफेरा इंडिका. बाजारात तसं म्हणायला काहीच हरकत नाही.

बातमीत मात्र नुकसान होतं. २००३ साली केरळच्या इडुक्कीतल्या एका जांभळट बेडकाचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. तो ओळखीच्या कुठल्याच कुलात बसेना, तेव्हा जाती नवी, प्रजाती नवी आणि कुलही नवं मांडावं लागलं. एरवी कुठलीही नवी जाती सापडली की आपण ‘नवी प्रजाती सापडली’ असा मथळा देतो. या बेडकाला कोणता द्यायचा?