केशरोपणाला पीआरपीची जोड : वाचकांचे प्रश्न

केशरोपणाबरोबर पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट्स जास्त असलेला द्रव) घ्यायलाच हवं का?

नाही. ग्राफ्ट (रोपणासाठी मुळासकट काढलेले केस) किती जपून काढले, शरीराबाहेर किती वेळ राहिले आणि तेवढा वेळ ओले होते का, यावर रोपणाचं यश ठरतं. ट्रेमध्ये सुकलेलं मूळ पीआरपीने जिवंत होत नाही. हाताळणी चोख असेल तर मात्र प्लेटलेट्समधले (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशींमधले) वाढीचे घटक नव्या जागी रक्तवाहिन्या फुटायला हातभार लावतात. ब्राझीलचे शल्यचिकित्सक कार्लोस उबेल यांनी २० रुग्णांत एका बाजूचे ग्राफ्ट पीआरपीत भिजवून लावले, दुसऱ्या बाजूचे तसेच. भिजवलेल्या बाजूला सुमारे १५ टक्के जास्त केस रुजले (२००६). अभ्यास छोटा आहे. त्याच्या जोरावर कुणी हमी देत असेल तर सावध राहा.

मित्राला फायदा झाला, मला नाही. असं का?

आधी पीआरपी कसं तयार केलं ते विचारा. सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) घातलेलं रक्त यंत्रात दोनदा गरगर फिरवायला हवं. पहिल्या, हलक्या फेरीत लाल पेशी खाली बसतात. वरचा द्रव दुसऱ्या नळीत घेऊन जोरात फिरवला की प्लेटलेट्स तळाशी जमतात. वरचा सुमारे दोन तृतीयांश द्रव टाकून उरलेल्यात त्या अलगद मिसळायच्या. नळी जोरात हलवली तर त्या तिथेच फुटतात. ६० मिली रक्तातून जेमतेम ६ मिली पीआरपी निघतं. प्लेटलेट्स मायक्रोलिटरला १० लाखांच्या आसपास हव्यात. रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. थोड्याशा रक्तातून सिरिंज भरभरून निघत असेल तर तो बहुतांशी साधा रक्तद्रवच समजा. गडद लाल द्रव म्हणजे लाल पेशी मिसळल्या. दुखणं आणि सूज वाढते.

हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू आहे. बंद करू का?

परस्पर अजिबात नको; हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. अंगदुखीच्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र साधारण आठवडाभर आधीपासून टाळाव्यात, त्या प्लेटलेट्सना मंद करतात. प्लेटलेट्स कमी असतील किंवा टाळूला जंतुसंसर्ग असेल तर पीआरपी नकोच.

महिन्याभरात लावलेले केस गळले. लगेच पीआरपी करू का?

घाबरू नका. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात केसाची काडी गळते, मूळ आत राहतं. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसू लागतात, निकाल वर्षाने तपासायचा. गळती थांबवायला पीआरपीची घाई नको. घ्यायचंच असेल तर खपल्या पूर्ण पडू द्या, आणि लावलेल्या केसांइतकंच लक्ष आजूबाजूच्या बारीक होत चाललेल्या मूळच्या केसांकडे द्यायला सांगा. रोपणानंतरही ते गळत राहतात.