गोव्यातल्या हॉस्पिटलात एंडोस्कोपीचा प्लास्टिक कचरा कमी कसा करायचा?

सगळ्यात मोठी बचत म्हणजे गरज नसलेली एंडोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून केलेली पोटाची-आतड्यांची तपासणी, टाळणं. तरुण रुग्णाला नुसतं अपचन असेल, वजन घटणं, रक्तस्राव, गिळायला त्रास यांपैकी काही नसेल, तर आधी एच. पायलोरी या जठरातल्या जिवाणूसाठी श्वासाची किंवा शौचाची चाचणी करता येते. एक तपासणी टळली की तिचे हातमोजे, नळ्या, गाऊन सगळंच वाचतं.

मग ट्रॉलीकडे बघा. बायोप्सी फोर्सेप्स (तुकडा काढायचा चिमटा), स्नेअर (गाठ कापायचा तारेचा फास) ‘लागेल म्हणून’ आधीच फोडून ठेवायची सवय मोडा. डॉक्टरांनी मागितल्यावरच पाकीट फोडायचं. मात्र एकदाच वापरायचं साहित्य धुऊन पुन्हा वापरू नका, तिथे संसर्गाचा धोका आहे. एकदाच वापरायचा स्कोप, म्हणजे तपासणीची नळीच, तर सरसकट नकोच, तो निवडक रुग्णांसाठी.

कचऱ्याच्या वर्गीकरणात अनेकदा गोंधळ असतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार दूषित नळ्या, हातमोजे लाल पिशवीत जातात. ते निर्जंतुक करून, तुकडे करून रिसायकलिंगला देता येतात. पिवळ्या पिशवीत टाकलं की बहुधा जाळलंच जाणार. कोरडी, स्वच्छ वेष्टनं मात्र दोन्हीत नकोत. ती साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पासारख्या ठिकाणी जाणाऱ्या सुक्या कचऱ्यातली. हे डॉक्टरांपेक्षा सिस्टर आणि वॉर्डबॉयना आधी शिकवा, पिशवी तेच भरतात.